आई आणि मुलगा एकत्र पास झाले, पण पुढे काय? मोठ्या वयात कॉलेज निवडताना काय तपासायचं?

दहावी-बारावीचा निकाल लागला की एक बातमी दरवर्षी हमखास येते. आई आणि मुलगा, कधी सासू आणि सून, कधी बाप आणि लेक एकाच वर्षी पास होतात. पेढा भरवतानाचा फोटो व्हायरल होतो, खाली अभिनंदनाच्या शेकडो कमेंट येतात आणि दोन दिवसांत सगळे विसरून जातात.

मुलाचं पुढे काय करायचं, हे सांगायला घरात, शाळेत, क्लासमध्ये दहा माणसं असतात. आईचं पुढे काय, हे सांगणारं सहसा कोणीच नसतं. तिने चौकशी केलीच तर उत्तर मिळतं, "मुक्त विद्यापीठातून करून टाका." आणि फेसबुकवर 'कॉलेज' असं एकदा शोधलं की जाहिरातींचा मारा सुरू होतो: 'घरबसल्या पदवी', 'एका वर्षात ग्रॅज्युएट', 'वयाची अट नाही, हजेरीची गरज नाही'.

यातल्या काही गोष्टी खऱ्या आहेत, काही अर्धवट खऱ्या आणि काही सरळ फसवणुकीच्या. अठराव्या वर्षी चुकीचं कॉलेज निवडलं तर एखादं वर्ष वाया जातं. चाळिशीत तीच चूक झाली तर साठवलेले पैसे जातात, घरच्यांचा पाठिंबा जातो आणि बऱ्याचदा पुन्हा प्रयत्न करायची हिंमतही जाते. गेल्या पाच-सहा वर्षांत उच्च शिक्षणाचे नियम झपाट्याने बदलले. त्यातले बरेच बदल मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांच्या फायद्याचे आहेत. पण ते माहीत असतील तरच.

मोठ्या वयात शिकणं नवीन आहे का?

अजिबात नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात आपल्या घरी शेतकरी आणि मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली होती. १९०९ मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी उभ्या केलेल्या पुण्याच्या सेवासदनात प्रौढ स्त्रिया, विधवा शिकत होत्या. मुंबईत गिरणी कामगारांच्या वस्त्यांमध्ये रात्रशाळांची मोठी परंपरा होती. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावी २०१६ मध्ये महिला दिनी सुरू झालेली आजीबाईंची शाळा तर देशाबाहेरही पोचली.

कॉलेजच्या पातळीवर हे काम प्रामुख्याने दूरशिक्षणाने केलं. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं. १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, स्थापन झालं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आलं आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद महाराष्ट्राच्या परिचयाचं झालं.

केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशात सुमारे ४.१३ कोटी विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते. त्यांपैकी सुमारे ४५.७ लाख दूरशिक्षणात होते. म्हणजे साधारण दर नऊ विद्यार्थ्यांमागे एक. हे सगळेच मोठ्या वयाचे नसतात. पण नोकरी, संसार किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्यांचा मोठा वाटा इथेच असतो.

पहिला प्रश्न कॉलेजचा नाही, कारणाचा

'कोणतं कॉलेज चांगलं?' या प्रश्नाआधी 'पदवी कशासाठी हवी?' याचं उत्तर लागतं. कारण कारण बदललं की योग्य कॉलेजही बदलतं.

काहींना बढतीसाठी पदवी हवी असते. कार्यालयात वीस वर्षं काम केलेलं असतं, अनुभव असतो, पण वरच्या पदाच्या पात्रतेत 'पदवीधर' हा शब्द असतो. अंगणवाडीचं उदाहरण घ्या. सेविका म्हणून बारावीवर काम करता येतं, पण मुख्यसेविकेच्या सरळसेवा भरतीत पदवी मागितली जाते. अशा वेळी पदवी कोणत्या विद्यापीठाची यापेक्षा ती मान्यताप्राप्त आहे का आणि आपल्या विभागाला ती चालते का, हे महत्त्वाचं. अशा माणसाने महागड्या कॉलेजवर पैसे घालवण्याचं कारण नाही. सरकारी नोकरीत असल्यास प्रवेशाआधी कार्यालयाची परवानगी घेतलेली बरी. नाहीतर पदवी सेवापुस्तकात नोंदवताना अडचण येते.

काहींना स्पर्धा परीक्षा द्यायच्या असतात. इथे वयाचं गणित आधी मांडावं लागतं. राज्यसेवेसाठी खुल्या प्रवर्गाची सर्वसाधारण कमाल वयोमर्यादा ३८ वर्षं आणि मागास प्रवर्गांसाठी ४३ वर्षं आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत खुल्या प्रवर्गासाठी ती ३२ आहे. छत्तिसाव्या वर्षी तीन वर्षांच्या बीएला प्रवेश घेणाऱ्या खुल्या प्रवर्गातल्या उमेदवारासाठी पदवी हातात येईपर्यंत दार बंद झालेलं असतं. हे प्रवेशाच्या वेळी कोणी सांगत नाही.

काहींना व्यवसाय बदलायचा असतो: वकिली, नर्सिंग, शिक्षकी, समुपदेशन. यांच्यासाठी नियम सगळ्यात कडक आहेत, त्याबद्दल पुढे.

आणि काहींना फक्त शिकायचं असतं. लग्नामुळे सुटलेलं शिक्षण पुरं करायचं असतं, मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर आईच्या शिक्षणाच्या रकान्यात 'पदवीधर' लिहायचं असतं. हे कारण इतर कारणांपेक्षा कमी नाही. उलट या माणसाला निवडीचं स्वातंत्र्य सगळ्यात जास्त असतं, कारण त्याला आवडीचा विषय घेता येतो.

बारावीच झालेली नसेल तर?

हा टप्पा सर्वाधिक गोंधळाचा आहे. अनेकांनी ऐकलेलं असतं की मुक्त विद्यापीठात बारावी नसली तरी चालतं, 'पूर्वतयारी' करून थेट पदवीला बसता येतं. या वाटेने हजारो जण पदवीधर झालेही. पण दारातून आत जाणं आणि ती पदवी पुढे सगळीकडे चालणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये अण्णामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात, मूळ पदवी नसताना मुक्त पद्धतीने थेट मिळवलेली एमए ग्राह्य धरायला नकार दिला. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांतही स्पष्ट म्हटलं आहे की, आवश्यक मूलभूत पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट बारावी, पदवी किंवा पदव्युत्तर पदवी घेतलेल्यांना कायद्याच्या अभ्यासक्रमाला प्रवेश नाही. म्हणजे दहावी नापास असताना पूर्वतयारी करून बीए झालेली व्यक्ती पदवीधर म्हणवून घेऊ शकते, पण एलएलबीच्या दारात तिला अडवलं जाऊ शकतं.

म्हणून पायऱ्या क्रमाने चढणं सुरक्षित: आधी दहावी, मग बारावी, मग पदवी. त्यासाठी तीन सरळ मार्ग आहेत.

पहिला, राज्य मंडळाचा 'सतरा नंबरचा फॉर्म'. शाळा सुटलेल्या व्यक्तीला खासगी विद्यार्थी म्हणून दहावी किंवा बारावीला बसता येतं. परीक्षा आणि प्रमाणपत्र नियमित विद्यार्थ्यांच्याच मंडळाचं. फॉर्म ऑनलाइन भरून जवळच्या शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात कागदपत्रं द्यावी लागतात. मुदत परीक्षेच्या कित्येक महिने आधी संपते, इकडे लक्ष ठेवावं लागतं.

दुसरा, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. इथे एकदा नोंदणी केली की ती ५ वर्षं चालते आणि त्या काळात ९ वेळा परीक्षेची संधी मिळते. एकेक, दोन-दोन विषय सोडवत पुढे जाता येतं. ज्यांना गणित किंवा इंग्रजी एका फटक्यात जमणार नाही, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे.

तिसरा, राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ. शाळा चौथी-पाचवीतच सुटली असेल तर पाचवी आणि आठवीच्या स्तरापासून सुरुवात करण्याची सोय तिथे आहे.

दहावीनंतर आयटीआय किंवा पदविका केलेल्यांनी पुन्हा बारावीला बसण्याआधी समकक्षतेची चौकशी करावी. अनेकदा पूर्ण बारावीची गरजच नसते.

कोणते पर्याय आहेत?

महाराष्ट्रात राहणाऱ्या आणि मराठीतून शिकू पाहणाऱ्या व्यक्तीपुढे ढोबळमानाने चार वाटा आहेत.

*मुक्त विद्यापीठ.* नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची सर्वात मोठी जमेची बाजू म्हणजे भाषा. कला आणि वाणिज्य शाखेची पदवी मराठीतून करता येते, पुस्तकं स्वतः वाचून समजतील अशी लिहिलेली असतात आणि अभ्यासकेंद्रं तालुक्याच्या गावापर्यंत आहेत. इग्नूत विषयांची निवड मोठी आहे, पण साहित्य मुख्यतः इंग्रजी आणि हिंदीत. तिथे वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलै सत्रासाठी प्रवेश होतात आणि ३ वर्षांची पदवी जास्तीत जास्त ६ वर्षांत पूर्ण करण्याची मुभा असते. बाळंतपण, आजारपण किंवा बदली यामुळे एखादं वर्ष हुकलं तरी सगळं कोसळत नाही.

*पारंपरिक विद्यापीठांची दूरशिक्षण केंद्रं.* मुंबई विद्यापीठाचं पूर्वीचं 'आयडॉल', जे आता दूर व ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे, कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आणि महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेलं एसएनडीटी महिला विद्यापीठ यांच्याकडे अशी सोय आहे. पदवीवर ओळखीच्या विद्यापीठाचं नाव असतं, ही अनेकांना महत्त्वाची बाब वाटते.

*सकाळची किंवा रात्रीची कॉलेजं.* मुंबई-पुण्यात आजही अशी कॉलेजं आहेत. वर्गात शिक्षक समोर असतात, मित्र-मैत्रिणी होतात, शंका तिथल्या तिथे विचारता येते. ज्यांना एकट्याने अभ्यास जमत नाही, त्यांच्यासाठी ही वाट उत्तम. अडचण हजेरीची. साधारण ७५ टक्के उपस्थितीचा नियम आणि अंतर्गत मूल्यमापन या गोष्टी शिफ्ट ड्युटीवाल्याला झेपतील का, हे आधी पाहावं लागतं.

*ऑनलाइन पदवी.* दूरशिक्षण आणि ऑनलाइन शिक्षण हे एकच आहे असा समज आहे. तसं नाही. दूरशिक्षणात पुस्तकं, अभ्यासकेंद्र आणि संपर्कसत्रं असतात, विद्यापीठाला भौगोलिक मर्यादा असते. ऑनलाइन पदवीत शिकवणं इंटरनेटवरून होतं आणि विद्यापीठ कुठलंही असलं तरी देशभरातून प्रवेश घेता येतो. फीमध्ये मोठा फरक आहे. मुक्त विद्यापीठातली बीए-बीकॉमची वर्षाची फी काही हजारांत असते, तर खासगी विद्यापीठांच्या ऑनलाइन एमबीएची फी लाखांच्या घरात जाते.

भौगोलिक मर्यादेचा मुद्दा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसासाठी महत्त्वाचा आहे. राज्याच्या मुक्त विद्यापीठाचं कार्यक्षेत्र राज्यापुरतं असतं. बेळगाव, इंदूर किंवा गोव्यात राहणाऱ्याला कोणी 'इथेच नाशिकची पदवी मिळवून देतो' असं सांगत असेल तर तिथेच थांबावं. त्यांच्यासाठी इग्नू, आपापल्या राज्यातलं मुक्त विद्यापीठ किंवा मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी हे पर्याय आहेत.

मान्यता आहे हे कसं ओळखायचं?

'यूजीसी मान्यताप्राप्त' हे दोन शब्द जवळपास प्रत्येक जाहिरातीत असतात. पण विद्यापीठाला मान्यता असणं आणि त्याच्या त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला, त्या विशिष्ट वर्षी, दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवण्याची मान्यता असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फसवणूक बहुतेक वेळा याच फटीतून होते.

विद्यापीठ अनुदान आयोगाचा दूरशिक्षण विभाग ही मान्यता देतो आणि आपल्या संकेतस्थळावर विद्यापीठ, अभ्यासक्रम आणि सत्र यांची यादी लावतो. त्या यादीत आपल्या अभ्यासक्रमाचं नाव आपल्या प्रवेशाच्या सत्रासाठी दिसलं पाहिजे. गेल्या वर्षी होतं म्हणून यंदा असेलच असं नाही.

२०२४ पासून आणखी एक सोय झाली आहे. दूरस्थ किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याला 'डीईबी आयडी' काढावा लागतो. तो अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्याशी जोडलेला असतो. वरवर पाहता ही आणखी एक कटकट वाटते. पण हा आयडी न मागता कोणी प्रवेश देत असेल, तर ती धोक्याची पहिली घंटा समजायला हरकत नाही.

दुसरी घंटा म्हणजे 'एका वर्षात पदवी'. तीन वर्षांची पदवी एका वर्षात देण्याची कायद्यात तरतूद नाही. मागच्या तारखेचा प्रवेश दाखवून दिलेली पदवी ही बनावट कागदपत्रंच असतात आणि पकडलं गेल्यावर गुन्हा विद्यार्थ्यावरही दाखल होऊ शकतो.

तिसरी घंटा म्हणजे मधला माणूस. दूरशिक्षण फ्रँचायझी पद्धतीने चालवायला परवानगी नाही. यूजीसीने २०२२ मध्ये शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्यांबाबतही असाच इशारा दिला होता. फी कंपनीच्या किंवा एजंटच्या खात्यात मागितली जात असेल, विद्यापीठाच्या नावाची पावती मिळत नसेल, तर पैसे भरू नयेत.

चूक झाली तर किंमत किती मोठी असते, याचं एक उदाहरण देशाने पाहिलं आहे. २००१ ते २००५ दरम्यान चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक परवानगी नसताना दूरस्थ पद्धतीने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या. नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या काळातल्या विद्यार्थ्यांच्या पदव्या स्थगित केल्या आणि त्यांना पुन्हा परीक्षा द्यायला सांगितलं. यातले अनेक जण पदविका घेऊन नोकरी करत करत शिकलेले, त्या पदवीवर बढती मिळालेले लोक होते. अभ्यास त्यांनी केला होता, फी भरली होती. चूक संस्थांची होती आणि त्याचा हिशेब दहा-पंधरा वर्षांनी विद्यार्थ्यांना द्यावा लागला.

दूरशिक्षणातून काय शिकता येत नाही?

वैद्यकीय, दंतवैद्यक, नर्सिंग, फिजिओथेरपी, औषधनिर्माणशास्त्र, अभियांत्रिकी, वास्तुकला, कायदा आणि कृषी यांच्या पदव्या दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाहीत. पीएचडीही नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये या यादीत महत्त्वाची भर पडली. मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी संबंधित अभ्यासक्रम, जे २०२१ च्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याखाली येतात, ते जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरस्थ व ऑनलाइन पद्धतीने शिकवायला यूजीसीने मनाई केली. मुलं मोठी झाल्यावर समुपदेशक होऊ पाहणाऱ्या अनेक स्त्रियांसाठी घरून मानसशास्त्राची पदवी ही आवडती वाट होती. ती आता बंद आहे. त्यांना नियमित कॉलेजच शोधावं लागेल. जुनी माहिती सांगणाऱ्या जाहिराती आणि व्हिडिओ मात्र अजून फिरत आहेत.

दुसऱ्या बाजूला, वयाची भीती बऱ्याच ठिकाणी निराधार आहे. नीटसाठी कमाल वयोमर्यादा राहिलेली नाही. कायद्याच्या प्रवेशासाठी बार कौन्सिलने घातलेल्या वयोमर्यादेला सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्थगिती दिली आणि महाराष्ट्राच्या विधी सीईटीला वयाची अट नाही. पन्नाशीत एलएलबीला बसणारे निवृत्त पोलीस किंवा बँक कर्मचारी आज अनेक विधी महाविद्यालयांत दिसतात.

दूरशिक्षणाची पदवी 'कमी' मानतात का?

कागदावर नाही. मान्यताप्राप्त संस्थेतून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी नियमित पदवीच्या समकक्ष आहे, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. 'पदवीधर' एवढीच अट असलेल्या सरकारी पदांना ती चालते.

व्यवहारात चित्र थोडं वेगळं असतं. खासगी कंपनीच्या मुलाखतीत नियमित कॉलेजच्या नावाचा, तिथल्या ओळखींचा आणि प्लेसमेंटचा फायदा होतो, तो दूरशिक्षणात सहसा मिळत नाही. पण ज्याच्या पाठीशी पंधरा वर्षांचा अनुभव आहे, त्याच्या बायोडेटात पदवीच्या आधी अनुभवच वाचला जातो. म्हणून अनुभव असलेल्याला स्वस्त, मान्यताप्राप्त पदवी पुरते. ज्याला पूर्ण नव्या क्षेत्रात शिरायचं आहे, त्याला वर्ग, प्रयोगशाळा आणि ओळखी देणारं कॉलेज लागतं.

अर्धवट सोडलेली वर्षं वाया गेली का?

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथ्यानंतर ऑनर्स पदवी अशी रचना आहे. मधेच बाहेर पडलेल्याला ३ वर्षांच्या आत परत येता येतं आणि कमाल ७ वर्षांत पदवी पूर्ण करता येते. मिळवलेले श्रेयांक अकॅडमिक बँकेत जमा राहतात. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ही पद्धत सुरू झाली.

यावरून 'वीस वर्षांपूर्वीचं एसवाय आता चालेल' असा अर्थ अनेक जण काढतात. तसा तो नाही. ही बँक आत्ताच्या श्रेयांकांसाठी आहे. १९९८ किंवा २००५ मध्ये सोडलेल्या वर्षांबाबत निर्णय त्या-त्या विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून असतो. तरीही विचारून पाहण्यात तोटा नाही. जुन्या गुणपत्रिका घेऊन पात्रता विभागात लेखी अर्ज करावा. तोंडी उत्तरावर विश्वास ठेवून पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात करू नये.

कागदपत्रांची अडचण, विशेषतः स्त्रियांची

प्रवेश हुकण्याचं सर्वात सामान्य कारण गुण नसून कागदपत्रं असतात. शाळा सोडल्याचा दाखला हरवलेला असतो, गुणपत्रिका पुरात गेलेली असते. दाखल्याची दुय्यम प्रत शाळेतून मिळते आणि गुणपत्रिकेची मंडळाच्या विभागीय कार्यालयातून. राज्य मंडळाची अशी नऊ विभागीय मंडळं आहेत आणि ज्या विभागातून परीक्षा दिली, तिथेच अर्ज करावा लागतो. अनेक वर्षांच्या गुणपत्रिका आता डिजिलॉकरवरही मिळतात.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांची अडचण वेगळीच असते. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. डीईबी आयडी आणि अकॅडमिक बँक दोन्ही आधारशी जोडलेले असल्याने हा फरक आता लगेच पकडला जातो. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद हा त्यावरचा उपाय. ही कामं अंतिम मुदतीच्या आठवड्यात होत नाहीत. प्रवेश जुलैत घ्यायचा असेल तर ती जानेवारी-फेब्रुवारीतच सुरू करावी लागतात. शिक्षणात खंड पडल्याबद्दलचं प्रतिज्ञापत्र, परराज्यातून किंवा दुसऱ्या विद्यापीठातून आल्यास स्थलांतर प्रमाणपत्र, हेही त्याच वेळी मार्गी लावलेलं बरं.

खरा खर्च पैशांचा की वेळेचा?

फी भरून पुढे परीक्षेलाच न बसणारे विद्यार्थी ही दूरशिक्षणाची जुनी दुखणी आहे. बुद्धी कमी पडते म्हणून लोक सोडत नाहीत. पहिली परीक्षा भाताच्या कापणीत, ऊसतोडीच्या हंगामात किंवा मुलीच्या बाराव्या वर्गाच्या वर्षात येते. अभ्यासकेंद्र तालुक्याला असतं पण परीक्षा केंद्र पन्नास किलोमीटरवर मिळतं. संपर्कसत्र रविवारी असतं आणि रविवारीच घरी पाहुणे असतात.

म्हणून केंद्र निवडताना त्याची इमारत पाहण्यापेक्षा तिथे प्रत्यक्ष एक चक्कर मारणं उपयोगाचं. संपर्कसत्रं खरोखर होतात का, पुस्तकं सत्राच्या सुरुवातीला मिळाली की परीक्षेच्या तोंडावर, फोन उचलला जातो का, गृहपाठ कोण तपासतं, गेल्या वर्षी परीक्षा केंद्र कुठे होतं? याची खरी उत्तरं माहितीपुस्तिकेत मिळत नाहीत. ती तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडे मिळतात.

फीसोबत परीक्षा शुल्क, प्रवास, बुडालेली रोजंदारी, परीक्षेच्या दिवसांत मुलांना सांभाळणाऱ्याची सोय हेही धरावं लागतं. २०२४ मध्ये राज्य सरकारने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. मात्र ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून मिळालेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. साध्या बीए-बीकॉमसाठी ती लागू होईल असं धरून चालू नये.

नियम बदलले, कॉलेजं बदलली का?

गेल्या काही वर्षांतल्या नियमांकडे एकत्र पाहिलं तर सरकारी धोरण मोठ्या वयाच्या विद्यार्थ्याला जागा करून देताना दिसतं: श्रेयांकांची बँक, मधेच थांबण्याची मुभा, दूरशिक्षणाला समकक्षता, २०२२ पासून एकाच वेळी दोन पदव्यांची परवानगी. त्याच वेळी फसवणूक रोखण्यासाठी आयडी, याद्या आणि बंदी यांची संख्याही वाढली आहे. दोन्ही गोष्टी गरजेच्या आहेत. पण दोन्हींचा भार शेवटी विद्यार्थ्यावरच येतो. मान्यता त्याने तपासायची, आयडी त्याने काढायचा, नियम बदलला का हे त्यानेच पाहायचं. ज्याने वीस वर्षांत एकही ऑनलाइन फॉर्म भरलेला नाही, त्याच्यासाठी प्रवेश हीच पहिली परीक्षा होते आणि तिथेच एजंटचा धंदा चालतो.

कॉलेजची खिडकी मात्र अजून अठरा वर्षांच्या मुलासाठीच उघडी आहे. कार्यालयाची वेळ अकरा ते पाच, म्हणजे नोकरी करणाऱ्याला रजा काढल्याशिवाय चौकशीही करता येत नाही. वेळापत्रक ऐनवेळी बदलतं, कारण विद्यार्थी मोकळाच आहे असं गृहीत धरलेलं असतं. 'तुमच्या मुलाचा प्रवेश आहे का?' हा प्रश्न खिडकीवर ऐकल्यावर परत फिरणारे लोक कोणत्याही सर्वेक्षणात मोजले जात नाहीत.

तोपर्यंत पैसे भरण्याआधी पाच प्रश्नांची उत्तरं लेखी हातात असलेली बरी:

१. ही पदवी ज्या कामासाठी हवी आहे, तिथे ती आणि आपलं वय चालेल का?

२. दहावी, बारावी, पदवी हा क्रम पूर्ण होतो का?

३. हा अभ्यासक्रम या सत्रासाठी यूजीसीच्या दूरशिक्षण यादीत आहे का?

४. फी थेट विद्यापीठाच्या खात्यात जाते का?

५. वर्ग, संपर्कसत्र आणि परीक्षेच्या दिवशी घर, शेत किंवा ड्युटी कोण सांभाळणार?

पाचवा प्रश्न कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसतो आणि त्याचं उत्तर विद्यापीठ देऊ शकत नाही. ते घरातल्यांनी द्यायचं असतं. निकालाच्या दिवशी आईला पेढा भरवणाऱ्या मुलाने पुढची तीन वर्षं परीक्षेच्या सकाळी स्वतःचा डबा स्वतः भरून घेतला, तर तिची पदवी पूर्ण होण्याची शक्यता कोणत्याही कॉलेजच्या नावापेक्षा जास्त वाढते.